सरळ रांगेतला घेवडा

२ मार्च

ही वही मुळात माझी नाही, लिफ्ट क्रमांक चारची आहे. लिफ्ट भंगारात गेली, वहीची निम्मी पानं कोरी राहिली, म्हणून मी ती घरी आणली. पाठीची शिवण सुटलीय, पानं हातात येतात, पण चालेल. प्रत्येक पानावर तीन रकाने छापलेत: तक्रार, कारण, उपाय. बावीस वर्षं लिफ्टा दुरुस्त करतोय. बिघाड लिहून काढला की अर्धा सापडतो, एवढं मला नक्की कळलंय.

तर तक्रार. सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झालं. त्या गेल्यावर सासरेबुवा एकटे पडले म्हणून आम्ही दोघं या घरात राहायला आलो. म्हणजे सत्तेचाळिसाव्या वर्षी मी घरजावई झालो, आणि लिफ्ट कंपनीतल्या मंडळींना हसायला विषय मिळाला. सासरेबुवा शिंपी आहेत. पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. तिथलं मशीन त्या दिवसापासून चादरीखाली आहे आणि ते स्वतः खुर्चीत. दिवसभरात दहा शब्द बोलतात, त्यातले आठ मला टोचणारे असतात.

मागे अंगण आहे, भिंतीच्या आत, बारा पावलं लांब आणि सात रुंद. तिथे सासूबाई दर वर्षी घेवडा लावायच्या. बी जांभळी, तिच्यावर पांढरा डोळा. सगळ्यात चांगल्या शेंगा त्या वेलावरच वाळू द्यायच्या आणि त्यातल्या बिया बटणांच्या डब्यात ठेवायच्या. चाळीस वर्षं हे चाललं होतं. गेल्या वर्षी कुणालाच सुचलं नाही. आज बायकोने डबा पालथा केला, तर बटणांतून वेचून निघाल्या चौसष्ट बिया. मी एक खिशात घालून बियाण्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "हा वाण माझ्याकडे नाही. कुणाकडेच नसेल. यंदा लावून टाका, जुनी बी आहे, पुढच्या वर्षाचा भरवसा नाही."

रात्री बायको म्हणाली, "आईचा घेवडा यंदा वर चढायला हवा." ती औषधांच्या दुकानात उभी राहून दिवसभर दुसऱ्यांचं मागणं ऐकते, स्वतः काही मागत नाही. म्हटलं, चढेल. त्यात काय मोठंसं.

५ मार्च

आज पेरणी. चोवीस बिया.

आश्चर्य म्हणजे सासरेबुवा अंगणात आले. गळ्यात टेप, हातात लाकडी फूटपट्टी. मी बोटाने भोकं पाडायला बसलो होतो, तर म्हणाले, "जावईबापू, उठा. असं पेरतात का कुठे?" मग त्यांनी वाफा मापला. दोन टोकांना खुंट्या. शिंप्याचा खडू मातीवर उठत नाही, म्हणून त्यांनी मलमलीची एवढीशी पिशवी शिवलीय, कोपऱ्याला बारीक भोक. आत पांढरी पूड, खडूचा चुरा असणार. पिशवी हळूहळू हलवत त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली आणि दर नऊ इंचांवर एक फुली. प्रत्येक फुलीखाली एक बी. रेघ इतकी सरळ की मी माझ्या कामातली ओळंबा लावायची दोरी आणून तपासली. केसाइतकाही फरक नाही. माणूस बहात्तर वर्षांचा आहे आणि हात असा. मनातल्या मनात सलाम केला, तोंडावर नाही केला, उगाच डोक्यावर बसतील.

बायको खिडकीतून बघत होती. दीड वर्षात बाबा पहिल्यांदा अंगणात आले, म्हणाली, आणि डोळे पुसून भांडी घासायला लागली.

८ मार्च

सफाचट.

चोवीस फुल्यांच्या जागी चोवीस खड्डे. फुल्याही गेल्या, दवाने पुसल्या असणार. खड्ड्याच्या काठावर सालपटं. उंदीर. एकही बी चुकवलेली नाही, हजेरी घेतल्यासारखे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेत.

सासरेबुवांनी खड्डे बघितले आणि आत गेले. जेवले नाहीत.

९ मार्च

रविवार. युद्ध पुकारलं. विष नाही, कारण शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं मांजर आमच्या भिंतीवर झोपतं आणि बायकोचा त्याच्यावर जीव आहे. मांजराचं नाव साहेब. नावाला साजेसं वागतो, समोरून उंदीर गेला तरी सही केल्याशिवाय उठणार नाही.

भिंतीला टेकलेली जुनी लाकडं हलवली, खाली तीन बिळं. बुजवली. भिंतीकडेचं गवत छाटलं. ओला कचरा टाकायच्या पिंपाला झाकण बसवलं. सांडपाण्याच्या पाइपभोवती फट होती, तिथे लोखंडी काथ्या कोंबून सिमेंट भरलं. संध्याकाळी पाठ धरली, पण अंगण कसं लख्ख दिसतंय. या घरात यायला आता उंदराला माझी परवानगी लागेल.

१४ मार्च

दुसरी पेरणी, वीस बिया. सासरेबुवा पुन्हा पिशवी घेऊन हजर. या वेळी दोन रेघा, दोन्हींमध्ये अंतर बरोबर अठरा इंच. वाफ्याभोवती मी लिफ्टच्या शाफ्टची जुनी जाळी उभी केली.

माझ्या पॅन्टची खालची दुमड सुटली होती, ती त्यांनी बसल्याबसल्या हाताने घालून दिली. खिशातून बायकोने लिहिलेली सामानाची यादी निघाली, ती माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "गिऱ्हाइकांच्या खिशात काय काय सापडत असेल ना तुम्हाला?" म्हणाले, "चिठ्ठ्या सापडायच्या. कसल्या कसल्या. वाचायचो, घडी करून परत ठेवायचो आणि कपडा इस्त्री करून द्यायचो. तोंडातून कधी शब्द काढला नाही." एवढं लांब वाक्य त्यांच्याकडून मी प्रथमच ऐकलं.

१७ मार्च

सतरा गेल्या. तीन राहिल्या.

जाळीच्या भोकातून पेन्सिल जाते. हे मी आधी तपासायला हवं होतं. जिथून पेन्सिल जाते तिथून उंदीर जातो, असं हार्डवेअरवाल्याने सांगितलं आणि वर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला माझ्या बावीस वर्षांची लाज वाटली.

सासरेबुवा म्हणाले, "लिफ्टने येतात का हो उंदीर, जावईबापू?"

उत्तर सुचलं होतं. गिळलं.

२० मार्च

उरलेल्या तीनही गेल्या. आता वीस बिया शिल्लक. बायकोने डबा स्वतःच्या कपाटात ठेवला आणि किल्ली पर्समध्ये. मला काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

२३ मार्च

उंदीर घरातही आलेत!

बायको रविवारी पाव भाजते. आज डबा उघडला तर पीठ तळाला. "परवा तर भरला होता. इतकं पीठ जातं कुठे?" मी लगेच ओळखलं. बाहेर बंदोबस्त केला म्हणून आत शिरले. स्वयंपाकघरातला कोपरान्‌कोपरा विजेरी लावून पाहिला, एक लेंडी नाही. फारच चलाख टोळी दिसते.

डब्याच्या झाकणाला मी लिफ्टच्या दाराची स्प्रिंगची कडी बसवली. दोन्ही बाजूंनी एकदम दाबली तरच उघडते. उंदराच्या बापाला जमणार नाही.

२६ मार्च

सासरेबुवांनी आज विचारलं, "तो डबा उघडायचा कसा?" मी दोनदा करून दाखवलं. त्यांना लगेच जमलं, बोटांत कसब आहेच. मी बायकोला सांगितलं की बाबांना मधल्या वेळी भूक लागायला लागली वाटतं, चांगलं लक्षण आहे. तिलाही बरं वाटलं. फक्त ती म्हणाली, "पिठाची भूक?" मी म्हटलं, म्हातारपणी काहीही खावंसं वाटतं.

५ एप्रिल

तिसरी पेरणी. बारा बिया. बायकोने एकेक मोजून हातावर ठेवली.

या वेळी बारीक जाळी, पेन्सिलीचं टोकसुद्धा जात नाही. एक वीत जमिनीत पुरली, गुडघ्याएवढी वर. भिंतीकडेने पुदिना लावला, त्याचा वास उंदरांना सोसत नाही म्हणतात. सासरेबुवांनी एकच रेघ मारली, बारा फुल्या. प्रत्येक फुली मोठी आणि ठसठशीत. "या वेळी जरा जाड मारली," म्हणाले, "म्हणजे बी कुठे आहे ते लक्षात राहील."

डॉक्टरीणबाई साहेबांना न्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "कमाल आहे, माझ्या अंगणात एक उंदीर नाही. तुमच्याकडचं काहीतरी त्यांना फार आवडतंय." दाढ काढताना बोलतात तशा गोड आवाजात. मी म्हटलं, आमच्याकडे माणसंच चांगली आहेत. तोऱ्यात म्हटलं, पण मनाला लागलं.

७ एप्रिल

बाराही.

जाळीवरून चढून आत उतरले. वरून झाकण करायला हवं होतं. मी, ज्याने आयुष्यभर वरखाली जाण्याचाच धंदा केला, तो वरची बाजू विसरलो.

आठ बिया. बायको सकाळी काही न खाता कामावर गेली. संध्याकाळी म्हणाली, "राहू दे आता. आठ तरी डब्यात राहतील. आईची आठवण म्हणून."

राहू दे म्हणताना तिचा आवाज जसा आला, तसा मला पुन्हा ऐकायचा नाही. पण पेरायचीही हिंमत होत नाही. चुकलो तर तो घेवडा जगात कुठेच नसेल, आणि ते माझ्या हातून झालेलं असेल. या घरात मी काय म्हणून राहणार मग?

सासरेबुवा आज मला टोचूनसुद्धा बोलले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

१८ एप्रिल

अकरा दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. तीन इमारतींच्या लिफ्टा बिघडल्या, तीनही दुरुस्त केल्या. तिथे मी शहाणा असतो.

आज हार्डवेअरवाल्याकडे वरच्या झाकणासाठी जाळी घ्यायला गेलो. तो म्हणाला, "आधी कुठून येतात ते शोधा. संध्याकाळी वाटेवर पीठ भुरभुरा, सकाळी पावलं दिसतील." पटलं. बिघाड कुठे आहे ते न बघता सुटे भाग बदलणाऱ्या मेकॅनिकला मी स्वतः शिव्या घालतो.

घरी येऊन पिठाचा डबा उघडला, पुन्हा निम्मा. दोन मुठी पीठ घेऊन भिंतीकडेच्या फरशीवर भुरभुरलं. सासरेबुवा वाफ्याजवळ होते. उरलेल्या आठांसाठी रेघ मारून ठेवत होते, पेरणी ठरलेली नसताना. "तयारी असलेली बरी," म्हणाले. मी पीठ टाकताना ते थोडा वेळ बघत राहिले.

१९ एप्रिल

सकाळी सहाला अंगणात गेलो. हे नीट लिहायला हवं.

फरशीवर पावलं होती, शेकड्याने. पण पीठ नव्हतं. चाटून स्वच्छ केलेलं, कुठे कुठे धुरकट डाग राहिले होते. माझ्या डोक्यात पहिलाच विचार आला तो असा: मूर्खा, तू त्यांना जेवायला घातलंस. दुसरा विचार यायला जरा वेळ लागला. पावलं फरशीवरून उतरून वाफ्याकडे गेली होती. जाळीच्या आत, जिथे काल संध्याकाळी पांढरी रेघ होती, तिथे रेघ नव्हती. आठ फुल्यांच्या जागी आठ खड्डे उकरलेले. बी तर त्यात अजून पेरलेलीच नव्हती.

दव नव्हतं पडलं. गेले तीन दिवस कोरडी हवा आहे.

एका खुंटीच्या तळाशी रेघेचं टोक राहिलं होतं, बोटभर. मी चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली.

पीठ!

किती वेळ उकिडवा बसलो होतो कुणास ठाऊक. चोवीस, वीस, बारा. प्रत्येक बी कुठे आहे त्याची खूण, आणि एका खुणेपासून दुसरीपर्यंत रस्ता, तोही खाण्याचा. वर मी डब्याला कडी बसवली आणि ती उघडायची कशी हे शिकवलं.

मग मला राग आला. असा राग मला फार कमी वेळा येतो. दीड महिना मी या माणसाचे टोमणे गिळले. लिफ्टने येतात का उंदीर! आता सांगतो कशाने येतात ते, असं म्हणत मी तरातरा पुढच्या खोलीत गेलो. तोंडात वाक्य तयार होतं, अजूनही पाठ आहे, इथे लिहीत नाही.

ते कापायच्या टेबलाशी उभे होते. पुढ्यात तपकिरी कागद, ज्यावर शर्टाची बेतणी करतात तो. त्यावर वाफा काढला होता. लांबी, रुंदी, आठ फुल्या, सगळं मापासकट. बाजूला आधीचे तीन कागद घडी करून ठेवलेले. मान वर न करता म्हणाले, "तिची रांग नेहमी वाकडी यायची. चाळीस वर्षं मी तिला त्यावरून चिडवलं. लोकांच्या बाह्या सरळ शिवतोस, मला एक रेघ मारून दे, म्हणायची. मला कधी वेळच झाला नाही. दुकानात गर्दी असायची." मग जरा थांबून, "निदान एकदा तरी नीट करून द्यावी, म्हटलं."

मी दारात उभा होतो. जिभेवर अजून पिठाची चव होती.

म्हटलं, "चहा टाकू का, बाबा?"

म्हणाले, "टाका."

चहा दोघांनी घेतला. तयार वाक्य मी चहाबरोबर गिळलं. त्यांना हे कळता कामा नये, कधीच. बायकोलाही सांगणार नाही, तिच्या चेहऱ्यावरून ते लगेच ओळखतील. ही वही माझ्या हत्यारांच्या पेटीत राहील.

२० एप्रिल

दिवसभर एकच विचार. पेरायचं तर आहेच, कारण आता मला कारण सापडलंय, आणि कारण सापडल्यावर मी हरत नाही. फक्त रेघ थांबवायची कशी? खडू आणून द्यावा तर विचारतील, आधीच्यात काय वाईट होतं. पिशवी लपवावी तर दुसरी शिवतील. दुपारी एका शाफ्टच्या खड्ड्यात उतरलो असताना कोपऱ्यात एक उंदीर दिसला. भिंतीला धरून सरळ पळाला. तिथेच मला सुचलं.

२१ एप्रिल

विजय! अजून उगवलं काहीच नाही, तरीही विजय.

जाळीला वरून झाकण केलं, चारी बाजूंनी तारेने शिवलं. आतली वरची मातीची खपली खरवडून टाकली आणि नवी भरली, "खत घालायचंय" म्हणून. बायकोला समजावलं. अर्धा तास लागला, शेवटी तिने कपाट उघडलं. मग बाबा पिशवी घेऊन आले आणि मी सुरुवात केली.

"बाबा, मी एक वाचलं. उंदराला सरळ रेघ कळते. भिंतीकडेने चालायची सवय ना त्याला. सरळ रांग दिसली की तो तिच्यावरून पार टोकापर्यंत जातो. म्हणून या वेळी रेघ नको. वाकडंतिकडं पेरू."

"कुठे वाचलंत?"

"कंपनीच्या पत्रकात."

"लिफ्टच्या?"

"लिफ्टच्याच. खड्ड्यात उंदीर फार असतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग वाफ्याकडे, मग फरशीकडे, जिथे मी त्या दिवशी पीठ टाकलं होतं. पिशवीच्या कोपऱ्यातून थोडी पूड त्यांच्या बोटांवर सांडली होती. बोटं त्यांनी एकमेकांवर घासली, हळूहळू, कापडाचा पोत बघतात तशी. चेहरा एकदम थकल्यासारखा झाला. वय आहे, उन्हात उभे होते. मी खुर्ची आणायला वळलो, तोवर त्यांनी पिशवी कोटाच्या आतल्या खिशात खोल सारली.

"म्हणजे तिच्यासारखं," म्हणाले.

"अगदी त्यांच्यासारखं."

"मग मी नको. माझ्या हातून वाकडं होणार नाही." त्यांनी बियांचा डबा बायकोच्या हातात दिला. "तू पेर. तुझा हात आईवर गेलाय."

बायकोने आठ बिया पेरल्या. एक इकडे, एक तिकडे, तिसरी जवळजवळ जाळीला टेकून. बाबा वाफ्याच्या टोकाशी उभे राहून एक डोळा मिटून बघत होते. "अशीच यायची," म्हणाले. मग बापलेक बराच वेळ तिथे उभे होते, म्हणून मी आत जाऊन उगाच नळ तपासला.

आणि त्यांना पटलं! पत्रकाची युक्ती जशीच्या तशी पटली. मी विक्री विभागात जायला हवं होतं.

२४ एप्रिल

बिया जागेवर. खड्डा नाही, पाऊल नाही. साहेब जाळीच्या झाकणावर झोपले होते, श्रेय घ्यायला.

एक गंमत. बाबा आज कितीतरी महिन्यांनी एकटे बाहेर गेले आणि पिठाचं मोठं पोतं घेऊन आले. डबा भरला, कडी लावली. बायकोने विचारलं तर म्हणाले, "कमी पडत होतं ना." भूक खरंच परत आलीय.

१ मे

एक कोंब! वाकलेली पांढरी मान, डोक्यावर मातीचा खडा.

३ मे

सहा. दोन बियांचं काही खरं दिसत नाही, पण सहा आहेत. बायकोने मला फोन करून सांगितलं. मी चौदाव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर होतो, तिथून एवढ्या मोठ्याने हसलो की रहिवासी दार उघडून बघायला लागले.

२ जून

वेल झाकणाला टेकले तेव्हा जाळीचं झाकण काढलं. लिफ्टचा जुना पोलादी दोर उलगडून त्याच्या तारांची कमान केली. सहाही वेल चढतायत. एक तर इतका सुसाट की त्याला मी एक्सप्रेस म्हणतो, मधल्या कुठल्याच मजल्यावर थांबत नाही. डॉक्टरीणबाई बघून गेल्या, म्हणाल्या, "जमवलंत की." मी नम्रपणे काहीतरी बोललो आणि मग अर्धा तास त्यांना जाळीच्या भोकांविषयी सांगितलं.

बाबांनी मला जावईबापू म्हणायचं सोडलंय. काय म्हणायचं ते ठरलेलं नाही, त्यामुळे सध्या "अहो" म्हणतात.

२९ जून

फुलं आली. कमानीखाली संध्याकाळी तिघं बसलो होतो. बायको म्हणाली, आईच्या वेळी अशीच सावली पडायची. मला त्या क्षणी फार आनंद झाला, तो इथे लिहून ठेवतो. या घरात मी आहे, आणि असायला हवा होतो, असं पहिल्यांदा वाटलं.

२४ ऑगस्ट

शेंगा वाळल्या, आज सोलल्या. पुढच्या खोलीत, कापायच्या टेबलावर. मशीनवरची चादर नव्हती. दुपारी त्याचा आवाज आला तेव्हा मला वाटलं शेजारी काहीतरी चाललंय, बायको मात्र हातातलं ताट तसंच धरून दारात जाऊन उभी राहिली. शेजारच्या बाईंचा कोट आहे म्हणे. अस्तर बदलायचंय.

बिया जांभळ्या, पांढरा डोळा. बाबांनी त्या ठेवायला ती मलमलीची पिशवी काढली, तीच. स्वच्छ धुतलेली, इस्त्री केलेली. कोपऱ्यावरचं भोक दुहेरी दोऱ्याने शिवून बंद केलंय, बी सांडू नये म्हणून असणार. पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली, बायकोच्या नाही. "तुमच्याकडे असू दे," म्हणाले. "तुमच्याकडे नीट राहतं."

मी मोजल्या, दोनशे अकरा. ते म्हणाले, दोनशे बारा. मी पुन्हा मोजल्या, दोनशे अकरा. टेबलाखाली पाहिलं, खुर्चीखाली पाहिलं. ते शांतपणे अस्तर कापत होते. "दोनशे बारा आहेत," म्हणाले. "सापडेल. घाई काय आहे."

आत्ता हत्यारांच्या पेटीतून वही काढली, हिशेब संपवावा म्हणून. तक्रार: उंदीर. कारण: सरळ रेघ. उपाय: केला. बाबांना शेवटपर्यंत काही कळलं नाही, आणि माझ्याकडून कळणारही नाही. सगळ्या लिफ्टांपेक्षा हे काम मी जास्त सफाईने केलं.

वहीची पाठ शिवलेली आहे. मजबूत, जांभळ्या दोऱ्याने, टाके एकसारखे. एकही पान आता हलत नाही. बाबांना सुटलेलं काही बघवत नाही, पेटीत स्क्रूड्रायव्हर शोधताना दिसली असेल. आतलं वाचलं नसणार. सभ्य माणूस आहे.

दोनशे बारावी बीसुद्धा सापडली. १९ एप्रिलच्या पानात होती, अगदी मधोमध, शिवणीला लागून. तिथे कशी घरंगळली कोण जाणे. पिशवीत टाकली. बाबांचं माप बरोबर होतं, उद्या सकाळी चहाच्या वेळी त्यांना सांगेन.